पूर्व स्टँडमधले शांत प्रेक्षक

पूर्व स्टँडमध्ये माणसांऐवजी वाळूची पोती बसवायची, हे ठरलं तेव्हा सावधानरावांना फार बरं वाटलं. पोती ढकलाढकली करत नाहीत, जिन्यात थांबून गप्पा मारत नाहीत आणि पंचाच्या आईबापांचा उद्धार करत नाहीत. असे प्रेक्षक देवाने दर रविवारी द्यावेत, असं त्यांच्या मनात आलं. माणसाने मनातसुद्धा जरा जपूनच बोलावं.

सावधानराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. फुटबॉलच्या मैदानावर सुरक्षा अधिकारी म्हणून ते लागले आणि दिसेल त्याला "जरा सावध हं" म्हणायला लागले. शिडीवरच्या माणसाला म्हणायचे, चहा ओतणाऱ्याला म्हणायचे, एकदा तर शोकसभेत भाषणाला उठलेल्या क्लबच्या अध्यक्षांना म्हणाले. नाव पडलं आणि चिकटलं. पगाराच्या दिवशी खजिनदारसुद्धा त्याच नावाने हाक मारायचा आणि ते ओ द्यायचे.

पण त्या सावधपणाच्या मुळाशी एक जिना होता. पूर्व आणि उत्तर अशा दोन्ही स्टँडना वर जायला मिळून एकच जिना, पश्चिमेचा तेवढा वेगळा. खाली रुंद, वर रुंद आणि मधे वळणावर अंधारा नि अरुंद. एकदा सामना सुटल्यावर त्या वळणावर गर्दी अडली होती आणि सावधानराव नेमके तिच्या पोटात सापडले होते. त्यांचे पाय जमिनीवरून उचलले गेले होते. भोवती इतकी माणसं होती, पण कुणी ओरडत नव्हतं, कारण ओरडायला लागतो तेवढा श्वास कुणापाशीच शिल्लक नव्हता. खालच्या कुणीतरी रेटा सोडला म्हणून सगळे वाचले. ती शांतता मात्र सावधानरावांच्या कानांतून कधी गेली नाही. तेव्हापासून त्यांचं देवाकडे आणि सरकारकडे एकच मागणं होतं. सामन्याच्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी एक पोलीस द्या. लोक त्यांच्या पिवळ्या जाकिटाला भीक घालत नसत. खाकी वर्दीला घातली असती.

देवाचं माहीत नाही, पण सरकारने नाही म्हटलं होतं. पोलीसबळ फुकट जातंय अशी ओरड झाल्यावर सरकारने एक देखरेख कक्ष काढला होता. कक्षाने प्रत्येक मैदानाच्या स्टँडवर कॅमेरे बसवले. कॅमेऱ्यामागचं यंत्र डोकी मोजायचं, आणि स्टँड गच्च दिसला तरच पोलीस निघायचे. इथले स्टँड एरवी अर्धेच भरायचे, पण दोन अर्धे स्टँड एकाच जिन्याने उतरायचे. कुणाची शिफारस नाही, कुणाचा वशिला नाही. सावधानरावांनी कक्षातल्या बाईंना कितीदा तरी फोन केला होता.

"बाई, गर्दी स्टँडमध्ये नाही, जिन्यात होते."

"जिन्यात कॅमेरा नाही."

"मग बसवा की."

"जिन्यात डोकी नाहीत, तर कॅमेरा कशाला बसवायचा?"

"कॅमेरा नाही म्हणून तुम्हाला डोकी दिसत नाहीत, बाई."

"तेच म्हणतेय मी," बाई शांतपणे म्हणायच्या, आणि फोन ठेवायच्या.

अशात पूर्व स्टँड जुना झाला, त्याची वजनाची परीक्षा घ्या, असं सरकारी फर्मान आलं. स्टँड पुरता भरायचा, संध्याकाळपर्यंत तसाच ठेवायचा, आणि तो टिकला तरच रविवारचा मोठा सामना इथे होणार. क्लबच्या सेक्रेटरींनी सावधानरावांना बोलावून एवढंच सांगितलं, "सामना दुसरीकडे गेला तर तुम्हीही दुसरीकडे बघा." त्यांचा आवाज गोड होता, म्हणून ते जास्तच लागलं.

तर सकाळी पोती आली. प्रत्येक खुर्चीवर एक पोतं. पण खुर्च्या प्लास्टिकच्या आणि पोतीही प्लास्टिकची. एक बसवावं तर दुसरं सरकन खाली. हमाल वैतागले. तेव्हा मैदानाच्या कोठाराचे मामा पुढे झाले. कोठारात न खपलेल्या जर्सींचे गठ्ठे पडून होते. जुना कप्तान ऐन हंगामात दुसऱ्या क्लबात पळाला, त्याच्या नावाच्या आणि त्याच्याच नंबरच्या त्या जर्सी. त्यांना कुत्रंही विचारत नव्हतं.

"पोत्याला जर्सी चढवा, आणि बाह्या खुर्चीमागे बांधून टाका," मामा म्हणाले. "बापजन्मात हलणार नाही."

खरंच हलेनात. पण मग कावळे आले आणि पोत्यांच्या तोंडाची सुतळी ओढायला लागले. मामांनी जाहिरातवाल्यांच्या उरलेल्या टोप्या काढल्या. प्रत्येक पोत्याच्या तोंडावर एक टोपी बसली. दुपारपर्यंत पूर्व स्टँड भरला. खालून वरपर्यंत एकच नाव, एकच नंबर, एकच टोपी, आणि टोपीखाली काहीही नाही. सगळ्यांचे हात मागे बांधलेले. सावधानराव खाली मैदानात उभे राहून वर बघत होते, आणि का कोण जाणे, त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

इंजिनिअरने स्टँडच्या पोटाखाली एक तबकडी लावली. "काटा लाल रेघेच्या अलीकडे राहिला तर पास. संध्याकाळपर्यंत कुणी बोटसुद्धा लावायचं नाही. एक टोपी हलली तरी परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. आणि वर एक माणूसही जादा चढता कामा नये." एवढं बजावून तो दुसऱ्या कामावर निघून गेला.

त्याची गाडी फाटकाबाहेर पडली आणि पोलिसांच्या गाड्या आत आल्या. एकामागून एक. त्यातून उतरलेल्या फौजदारांनी सावधानरावांना सलाम ठोकला.

"सामना कुणाकुणाचा आहे?"

"सामना रविवारी आहे, साहेब."

"मग हे कोण बसलेत?"

"पोती आहेत."

फौजदारांनी डोळे बारीक करून बराच वेळ वर पाहिलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं. "पोती आहेत हे मला दिसतंय हो. पण कक्षाला दिसायला पाहिजे ना. कक्षाला डोकी दिसली. पूर्व स्टँड गच्च भरलाय आणि मैदानात एक पोलीस नाही, म्हणून आम्हाला पिटाळलं."

सावधानरावांनी लगेच बाईंना फोन लावला.

"बाई, ती पोती आहेत. वाळूची."

"माझ्या पडद्यावर डोकी आहेत."

"त्या टोप्या आहेत."

"टोप्या कशावर आहेत?"

"पोत्यांवर."

"हे बघा, मागे एका मैदानावरच्या साहेबांनी असंच फोनवर सांगितलं होतं, की गर्दी फार नाहीये, पोलीस परत न्या. पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. डोकी दिसताहेत तोवर पोलीस हलणार नाहीत. टोप्या असतील तर काढा, आपोआप आकडा उतरेल."

"टोप्या काढता येत नाहीत, बाई. परीक्षा चालू आहे."

"मग त्यांची परीक्षा होऊ द्या," बाई म्हणाल्या.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जो पोलीस खऱ्या माणसांसाठी नाक घासून मिळत नव्हता, तो पोत्यांसाठी गाड्या भरभरून आला होता. फौजदारांनी मैदानाच्या कडेने आपली माणसं ओळीत उभी केली. सामन्याच्या पोलिसाचा शिरस्ता असा, की पाठ खेळाकडे आणि तोंड गर्दीकडे. खेळ नव्हता, म्हणून नुसतंच तोंड गर्दीकडे. एका बाजूला खाकी ओळ, दुसऱ्या बाजूला जर्सीची भिंत. मधे कुणी बोलत नव्हतं.

दुपार कलली तसं आभाळ खाली आलं आणि नदीच्या बाजूने धुकं मैदानात शिरलं. एरवी मैदान रिकामं असलं की त्याची भीती वाटत नाही. रिकामं ते रिकामं. पण हे भरलेलं होतं आणि तरी रिकामं होतं. कुणाची खोकल्याची उबळ नाही, शेंगांची टरफलं नाहीत, पोराचं रडणं नाही. सावधानरावांच्या कानांत जिन्यातली ती जुनी शांतता पुन्हा वाजायला लागली.

ओळीतला एक वयस्कर हवालदार हळूच फौजदारांपाशी आला. "साहेब, ते बघतायत."

"कुठून बघतील? त्यांना डोळे नाहीत."

"तेच म्हणतोय मी."

"जागेवर जा."

हवालदार जागेवर गेला. थोड्या वेळाने पुन्हा आला. "साहेब, ते कुजबुजतायत."

फौजदार रागावणार होते, पण त्यांनाही ऐकू आलं. वरून बारीक सूं सूं येत होतं, खूप माणसांनी ओठ न हलवता बोलावं तसं. ओळीतल्या पोलिसांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाने खिशातून काहीतरी काढून कपाळाला लावलं.

"वाळू गळतेय," सावधानराव घाईघाईने म्हणाले. "पोत्याला कुठे भोक असेल."

"असेल," फौजदार म्हणाले, पण एक पाऊल मागे सरले.

मग हवालदार तिसऱ्यांदा आला, आणि या वेळी त्याचा आवाज फुटला होता. "साहेब, ते उठायला लागलेत."

सगळ्यांनी वर पाहिलं. पुढच्या रांगेतली पोती पुढे वाकली होती. कुणी खुर्चीच्या कडेवर सरकून आता उठूच म्हणतं, तशी. तेवढ्यात कक्षाचा फोन आला. यंत्रालाही तेच दिसलं होतं.

"तुमची गर्दी पुढे सरकतेय," बाई म्हणाल्या. "आणखी पोलीस पाठवतेय. मोठं फाटक उघडं ठेवा. आणि प्रेक्षकांना शांत राहायला सांगा."

"शांतच आहेत ते, बाई."

"नियम आहे. लाऊडस्पीकरवरून सांगा, मला ऐकू आलं पाहिजे."

सावधानरावांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. घसा खाकरला. "प्रेक्षकांना नम्र विनंती आहे, की त्यांनी कृपया आपापल्या जागी बसून राहावं." त्यांचा आवाज धुक्यातून रिकाम्या मैदानावर फिरून परत आला. तो थांबला, तसं ते सूं सूंही थांबलं. वरच्या रांगेतली एक टोपी अलगद घसरली आणि पायऱ्यापायऱ्यांनी उड्या मारत खाली आली. पोलिसांची अख्खी ओळ मागे सरली.

सावधानराव मात्र त्या टोपीकडे बघत राहिले नाहीत. त्यांच्या डोक्यात दुसरंच काहीतरी आलं होतं. भोक पडलेलं एखादं पोतं वाकेल. अख्खी रांग एकसारखी कशी वाकली? ते वळसा घालून स्टँडच्या पोटाखाली पळाले. तिथे भिंतीला लांबलचक फट गेली होती आणि फटीतून चुन्याचा चुरा सूं सूं करत खाली पडत होता. तबकडीचा काटा लाल रेघ ओलांडून पार पलीकडे जाऊन बसला होता. पोती वाकत नव्हती. स्टँड वाकत होता.

रविवारी इथे माणसं बसणार होती, हे त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, बरं झालं, पोती आहेत. पडला तर पडू दे, कुणाचं काय जातंय. सामना जाईल, नोकरी जाईल, पण जीव तर जात नाही. हा विचार पुरा व्हायच्या आत खिशातला फोन वाजला. बायको होती.

"अहो, कुठे आहात तुम्ही? एवढा मोठा सामना आणि घरात एका शब्दाने बोलला नाहीत."

"कसला सामना?"

"आता आम्हालाच विचारा. गावभर पोलिसांच्या गाड्या धावतायत. दादा म्हणाला, कुठलातरी परदेशी संघ गुपचूप सरावाला आलाय. बाहेर ही गर्दी. पोलिसांच्या शेवटच्या गाडीमागोमाग सगळे आत घुसलो. पूर्व स्टँड तर आधीच भरलाय म्हणे, पण दादा म्हणतो, पायऱ्यांवर बसू."

"तू कुठे आहेस?" सावधानरावांनी विचारलं.

"जिन्यात. वळणावर. इथे जरा अडलंय. तुमचं नाव सांगितलं तर पुढे सोडतील का?"

"पुढे येऊ नकोस. मागे फिर."

"मागे कशी फिरू? मागे लोक आहेत." आणि मग थोडं थांबून, हळू आवाजात, "अहो, इथे हलताच येत नाहीये."

सावधानराव धावले. जिन्याच्या तोंडाशी खच्चून गर्दी होती आणि मागून आणखी येतच होती. त्यांनी पिवळं जाकीट फडकवलं, हात जोडले, घसा फोडला. "स्टँड पडतोय, मागे व्हा," ते ओरडले. एक जण म्हणाला, "स्वतःची माणसं आत बसवायची आणि आम्हाला म्हणे स्टँड पडतोय." बाकीचे हसले आणि पुढे रेटत राहिले. ते तसेच मैदानात फौजदारांकडे पळाले.

"साहेब, जिन्यात माणसं आहेत. खरी माणसं. पोलीस तिकडे न्या."

"कक्षाचा हुकूम गर्दीसमोर उभं राहायचा आहे."

"ती गर्दी नाही हो. गर्दी तिकडे आहे."

फौजदारांना कळत नव्हतं असं नाही. त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. "आमच्यातला एक जण मागे स्वतःच्या अकलेने हलला होता. तो आता मोडक्या खुर्च्यांच्या गोदामावर पहाऱ्याला आहे. तुम्ही बाईंकडून हुकूम आणा, मी पळत जातो."

सावधानरावांनी फोन लावला. जिन्यात लोक आहेत म्हणावं, तर जिन्यात कॅमेरा नाही. स्टँड पडतोय म्हणावं, तर बाई इंजिनिअरचा दाखला मागतील. जन्मभर त्यांनी या बाईंना खरं तेच सांगितलं होतं आणि खऱ्याने कधी एक पोलीस आला नव्हता. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बाई, सामना संपला."

"संपला?"

"हो. आता सगळे घरी निघणार. पूर्वेच्या जिन्याने."

"पडद्यावर तर बसलेले दिसतायत."

"बसलेत तोवरच सांगतोय. सुटताना पोलिसांनी प्रेक्षकांच्या आधी जिन्याशी पोचायचं, असा तुमचाच नियम आहे. ते उठल्यावर पोलीस निघाले तर उशीर होईल, बाई."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. सावधानरावांना तेवढ्या वेळात बायकोचा चेहरा दिसत होता. तिला आज सकाळीही त्यांनी "जरा सावध हं" म्हटलं होतं, आणि ती हसली होती.

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "नियम आहे. पाठवा जिन्याशी."

फौजदार शब्दाला जागले. शिटी फुंकत सगळी खाकी ओळ जिन्याकडे धावली. पोत्यांपासून दूर जायला मिळतंय म्हणून पोलीस जरा जास्तच जोरात धावले. मागची गर्दी त्यांना बघून फुटली. पोलिसांनी खालचा रेटा तोडला, तोंड मोकळं केलं, आणि वळणावरची माणसं एकेक करून सुटायला लागली. कुणाची चप्पल राहिली, कुणाचा चष्मा. सगळ्यांत शेवटी मेहुणा आला आणि त्याच्या मागोमाग बायको, केस विस्कटलेले, ओढणी खांद्यावरून लोंबणारी. तिने सावधानरावांना पाहिलं आणि त्यांचं जाकीट मुठीत धरलं.

तेव्हा पूर्व स्टँड गेला. फार मोठा आवाज झाला नाही. आधी सगळी रांग न् रांग एकदम पुढे झुकली. खुर्च्या मागून वर उचलल्या गेल्या आणि पोती उभी राहिली. एकाच नावाची, एकाच नंबरची, हात मागे बांधलेली, गोल झाल्यावर अख्खा स्टँड उठतो तशी. एक क्षणभर ती उभी होती, याबद्दल तिथल्या सगळ्यांची साक्ष जुळते. मग खालून धूळ वर आली आणि धूळ बसली तेव्हा तिथे वाळूचा ढीग होता. गर्दीतले लोक गुपचूप घरी गेले. सावधानराव जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून रडले. मेहुण्यासमोर रडू नये असा रिवाज आहे, पण त्यांना आवरलं नाही.

फोन वाजला. "माझ्या पडद्यावर पूर्व स्टँड रिकामा दिसतोय," बाई म्हणाल्या. "सगळे गेले?"

"गेले, बाई."

"कुणाला दुखापत?"

"नाही."

"इतक्या झटपट आणि इतक्या शिस्तीत सुटलेली गर्दी मी पाहिली नाही," बाई म्हणाल्या. त्यांना खरंच कौतुक वाटत होतं. "फक्त एक जण मागे राहिलाय. शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात. त्यालाही खाली पाठवा."

सावधानरावांनी वर पाहिलं. सगळा स्टँड कोसळला होता, पण मागच्या भिंतीला धरून एक खुर्ची तशीच राहिली होती. तिच्यावर एक पोतं ताठ बसलं होतं. टोपी जागेवर होती. तिथवर जायला पायरी उरली नव्हती आणि शिडी लावावी तर भिंत अंगावर येण्याचा धोका होता.

"तो येत नाही, बाई," सावधानराव म्हणाले.

"का?"

"कसा येईल?"

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या. त्यांच्यासोबत सेक्रेटरी होते आणि सावधानरावांना काढून टाकायचं पत्र सेक्रेटरींच्या खिशात तयार होतं. बाई आपल्या खुर्चीतून उठून कधी कुठल्या मैदानावर गेल्याच नव्हत्या, त्यामुळे आल्याबरोबर त्या गवताकडेच जरा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली.

"ते पोतं आहे," बाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"म्हणजे बाकीचीही..."

"मी फोनवर सांगितलं होतं, बाई."

बाई खाली बसल्या. मामांनी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते घोट घोट घेतलं आणि ग्लास रिकामा झाल्यावरही बराच वेळ तोंडाशी धरून ठेवला. "हे पोतं आहे असं मी वर कळवलं, तर बाकीचीही पोतीच होती असं कळवावं लागेल. आणि शहराचं निम्मं पोलीसबळ मी पोत्यांसमोर उभं केलं होतं, हेही."

"तेही," सावधानराव म्हणाले.

"आणि पोती नव्हती म्हटलं, तर स्टँड पडायच्या आधी भरलेली गर्दी सुखरूप बाहेर काढली, असं होतं. तुम्ही काढली. आम्ही काढली." बाईंनी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरींनी खिशावरून हात फिरवला आणि सावधानरावांकडे बघून हसले.

"मग तो माणूस आहे," बाईंनी ठरवून टाकलं. "आणि पडक्या स्टँडमध्ये माणूस बसलाय म्हटल्यावर त्याच्या जिवासाठी रोज एक पोलीस ठेवावा लागणार. कुठे ठेवू?"

सावधानराव प्रामाणिक माणूस. त्यांच्या ओठांवर 'पण' आला होता. तो त्यांनी गिळला. "जिन्याच्या तोंडाशी ठेवा, बाई," ते म्हणाले. "तिथून तो नीट दिसतो."

पूर्व स्टँडच उरला नव्हता, म्हणून त्याच्या परीक्षेचं कुणी नावही काढलं नाही, आणि रविवारचा सामना उरलेल्या स्टँडवर झाला. उत्तरेला जाणारे सगळे त्याच जिन्याने चढले. जिन्याच्या तोंडाशी तो वयस्कर हवालदार उभा होता, पाठ खेळाकडे आणि तोंड त्या कोपऱ्याकडे. लोक घाईत यायचे, वर्दी बघून थबकायचे आणि हवालदार एवढं काय बघतोय म्हणून त्याच्या नजरेमागे वर बघायचे. मग त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. पोरांचे हात आया घट्ट धरायच्या. एकामागे एक, रेटा न देता, माणसं वर जात होती आणि वळणावर कुणीही थांबत नव्हतं. सावधानराव सबंध सामना जिन्यातच होते. त्यांच्या छातीवरचा जुना धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं त्यांना झालं होतं.

सामना सुटला, लोक गेले. उन्हं उतरली तसं नदीकडून पुन्हा धुकं आलं. मामा कोठाराला कुलूप लावत होते. फोन वाजला.

"गेले सगळे?" बाईंनी विचारलं.

"गेले. तो तेवढा आहे."

"तो ठीक आहे." बाईंचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "पण माझ्या पडद्यावर तिथे दोन डोकी दिसतायत."

सावधानरावांनी वर पाहिलं. एक खुर्ची. एक पोतं. शेजारी खुर्चीच नव्हती, नुसती हवा होती आणि धुकं होतं. पोत्याची टोपी मात्र त्या रिकाम्या बाजूला किंचित वळलेली होती, शेजारच्याशी दोन शब्द बोलताना माणूस मान वळवतो तेवढीच. सकाळी ती कशी होती हे त्यांनी आठवून पाहिलं. आठवेना. त्यांचे पाय फाटकाकडे निघाले, आणि हवालदार तर केव्हाच निघाला होता.

पण फाटकाशी पोचता पोचता सावधानराव थांबले. पश्चिमेचा जिनाही काही फार रुंद नव्हता.

"बरोबर आहे, बाई, दोघंच आहेत," ते फोनमध्ये म्हणाले. "दुसरा पोलीस कधी पाठवताय?"